बावीस दुबार माणसं

सोमवारी सकाळी ग्लेनिस पॅरीच्या हातात जो कागद पडला त्यावर तीनच ओळी होत्या. एकूण नोंदी त्रेसष्ट. दुबार आढळलेल्या नोंदी बावीस. शिल्लक एक्केचाळीस. खाली हिरव्यागार पानांच्या झाडाचं चित्र होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन! तुमची माहिती आता स्वच्छ झाली आहे.’

ग्लेनिसने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“ही बावीस माणसं गेली कुठे?”

डेल्फीन लमार संगणकापुढे बसून सफरचंदाच्या रसातला डोनट खात होती. इतिहास मंडळाचं टायपिंग, टेलिफोन आणि टोमणे ही तिन्ही खाती तिच्याकडे होती. तिने बोटांची साखर पँटला पुसली. “कुठेच गेली नाहीत. दुसऱ्या माणसांच्या पोटात आहेत. तुझे नऊ विल्यम जोन्स होते ना? आता एकच आहे. नऊ वेळा मरून बिचाऱ्याला कंटाळा आला असेल.”

“डेल्फीन, थट्टा नको.”

“मग काय करू, रडू? बटण मी नाही दाबलं. रॉईसने दाबलं. शनिवारी, स्वतःच्या हाताने. वर मला म्हणाला, बघ किती सुटसुटीत झालं.”

ग्लेनिस खुर्चीत बसली. नवा गुडघा अजून नीट वाकत नव्हता, म्हणून पाय लांब करून बसावं लागे. जुन्या वेल्श चर्चच्या त्या तळघरात ओल्या लोकरीसारखा वास येई. समोरच्या भिंतीला तिचं कपाट होतं. सहा फूट उंच, लाकडी, दीडशे खणांचं. त्याच्यावर कुणीतरी पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, ‘हलवायचे.’

चिठ्ठीवरचं अक्षर रॉईसचं होतं.

*

ग्लेनिसने तेहेतीस वर्षं हेब्रन नॉचमध्ये टपाल वाटलं. चाक डावीकडे असलेल्या गाडीत उजवीकडच्या सीटवर बसून, डावा हात चाकावर, डावा पाय तिरका लांब करून ब्रेकवर, आणि उजव्या हाताने खिडकीतून रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये पत्रं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी तिचा डावा खांदा अजून जरा खालीच आहे. तिच्याआधी हा रस्ता तिच्या एमरिसमामांकडे होता.

या गावात टपाल वाटायचं म्हणजे नुसतं वाचता येऊन भागत नसे. गावात आडनावं आठ आणि पुरुषांची नावंही जेमतेम तेवढीच. वेल्सहून पाटीच्या दगडाच्या खाणींवर आलेली माणसं, त्यांनी येताना छिन्न्या आणल्या, भजनं आणली, पण नावं आणताना फार हात आखडला, असं एमरिसमामा म्हणायचे. मग गावाने आपल्या बाजूने भर घातली. टोकाच्या घरचा विल्यम. गाणारा विल्यम. दोन टोप्यांचा विल्यम. शेळीवाला विल्यम. समुद्रापलीकडून पाकीट येई त्यावर नुसतं ‘विल्यम जोन्स, हेब्रन नॉच, व्हरमाँट’ लिहिलेलं असे. मामा अक्षर बघत, शिक्का बघत, पाकीट हातात तोलत, आणि बरोबर दारात नेऊन देत. एकदाच चुकले होते. शेळीवाल्याच्या आईच्या मृत्यूची बातमी त्यांनी गाणाऱ्या विल्यमला दिली होती. ही गोष्ट ते मरेपर्यंत खाली मान घालून सांगत.

टपाल कचेरी नवी झाली तेव्हा पत्रं लावायचं जुनं कपाट कचऱ्यात जाणार होतं. ग्लेनिसने ते भावाच्या गवताच्या गाडीवर घालून तळघरात आणलं. खाणीत मेलेल्या माणसांची कार्डं ती तेव्हा नुकतीच करू लागली होती. चर्चचं दफनाचं पुस्तक, मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे कागद, जुनी वर्तमानपत्रं, आणि दारादारांत ऐकलेलं बोलणं. ही कार्डं तिने अक्षरांच्या क्रमाने लावली नाहीत. लाकडी पुलापासून सुरुवात, मग सीडर फ्लॅट, मग वरची खाण, मग टोकाचं घर. ज्या क्रमाने पत्र पोचलं असतं, त्या क्रमाने.

बाहेरगावचे अभ्यासक यायचे आणि कपाळाला हात लावायचे. “यात जोन्स कुठे सापडतील?” ती विचारायची, “कुठे राहायचे तुमचे जोन्स?” त्यांना ते माहीत नसे. “मग तुम्हाला कोणता जोन्स हवाय ते तुम्हालाच कुठे माहीत आहे?”

प्रत्येक कार्डावर सहा ओळी. नाव. गावाने दिलेलं नाव. घर. खाण. कसा गेला. आणि शेवटची ओळ तिची स्वतःची होती, कुठल्याही पुस्तकात न सापडणारी: यानंतर पत्र कोण घेई. बायको. आई. बहीण. एका कार्डावर, ‘कोणी नाही, सहा महिने पत्रं येत राहिली, परत पाठवली.’

*

कार्डं कधीतरी संगणकात जायला हवीत, हे ग्लेनिसला कबूल होतं. तळघरात दर वसंतात पाणी शिरे. तिने स्वतःच विषय काढला होता. मंडळाने तीन सॉफ्टवेअर चाचणीसाठी मागवली, आणि डेल्फीनने उन्हाळाभर त्रेसष्ट कार्डं तिन्हींमध्ये टाईप केली.

पहिलं घराण्यांच्या वंशावळीसाठी बनवलेलं. प्रत्येक माणसाला आईबाप असलेच पाहिजेत, असा त्याचा हट्ट. नाही दिले तर पडद्यावर लाल त्रिकोण लुकलुकत राही. दुसरं संग्रहालयांसाठी होतं, ते प्रत्येक नोंदीची लांबी, रुंदी आणि वजन मागे. “ओवेन रॉबर्ट्सची रुंदी काय टाकू?” डेल्फीनने तेव्हा तिला फोन करून विचारलं होतं. तिसरं एका विद्यापीठातल्या लोकांनी फुकट वाटायला ठेवलेलं, दिसायला राखाडी, रटाळ, सरकारी फॉर्मसारखं. पण त्यात आपले रकाने आपण करता येत. ‘घर’ हा पहिला रकाना करता येई. शेवटचा रकानाही डेल्फीनने केला होता, ग्लेनिसच्याच शब्दांत.

सप्टेंबरात ग्लेनिस गुडघ्यासाठी रटलंडच्या इस्पितळात होती, त्याच आठवड्यात समितीने बैठक घेतली आणि पहिलं निवडलं. का, तर त्यात झाड दिसतं. खुल्या दिवशी लोक येतील, मोठ्या पडद्यावर फांद्या पसरतील, पानांवर नावं उमटतील. कपाटाच्या जागी तो पडदा लागणार होता.

आणि हे नुसत्या पडद्यापुरतं नव्हतं. मे महिन्यात वरच्या खाणीच्या तोंडाशी स्मारक उभं राहायचं होतं, तिथल्याच दगडाची पाटी, तिच्यावर मेलेल्यांची नावं. कोरणाऱ्या ऑरिन स्प्रेगला यादी शुक्रवारी द्यायची होती. रॉईस यादी संगणकातून काढणार होता.

*

रॉईस ट्रेहार्न मंडळाचा अध्यक्ष. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत काढलेला माणूस, शर्टाला कायम इस्त्री. तिसरीत असताना ग्लेनिसच्या मागच्या बाकावर बसून तिच्या वेण्या खुर्चीला बांधायचा. तासाभराने तो आला तेव्हा ती दाराकडे तोंड करूनच बसली होती.

“रॉईस, तू बावीस माणसं पुसलीस.”

“पुसली नाहीत गं. जोडली. नाव तेच, गाव तेच, जन्मसाल पाच-सात वर्षं इकडेतिकडे. त्यांचा तज्ज्ञ म्हणाला, जुन्या कागदांत हे सर्रास असतं. एकाच मृत्यूच्या चार बातम्या, चार तारखा.”

“त्या तज्ज्ञाने हेब्रन नॉच बघितलंय?”

“फोनवर बोलला तो.”

“मग फोनवर त्याला सांग, टोकाच्या घरचा विल्यम अठराशे त्र्याऐंशीत दोर तुटून मेला आणि शेळीवाला एकोणीसशे दोनमध्ये सुरुंगात. एकोणीस वर्षांचं अंतर आहे. दोर तुटल्यावर एकोणीस वर्षं खाली पडत होता का तो?”

कोपऱ्यात डेल्फीनला ठसका लागला.

रॉईसचे कान लाल झाले. “टोकाच्या घरचा, शेळीवाला… हा काय पुरावा आहे का, ग्लेनिस? ही गावगप्पांतली नावं. दगडावर असलं कोरलं तर लोक हसतील. समितीने ठराव केलाय. वसंतात पुन्हा बघू.”

“वसंतात दगड कोरून झालेला असेल.”

“तुझी कार्डं अमूल्य आहेत, सगळेच म्हणतात. पण तुझ्या घरचं कुणी त्या यादीतून गेलं असेल म्हणून तू—”

“माझ्या घरचे गाई राखत होते. खाणीत एकही गेला नाही.” ती उठून उभी राहिली. गुडघ्यातून कळ गेली, पण ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. “तुझा पणजोबा मात्र यादीत आहे. का आहे माहितीये? ट्रेहार्न गावात एकच होता म्हणून. नशीब, त्याचं नाव जोन्स नव्हतं.”

रॉईसने टोपी घातली. जिन्यावरून म्हणाला, “शुक्रवारी यादी जाईल.”

तो गेल्यावर ग्लेनिसने तो तीन ओळींचा कागद पुन्हा हातात घेतला. राग तिला नवा नव्हता. कुत्रे, बर्फ, वरिष्ठ, सगळ्यांवर ती रागावलेली होती. पण हा राग निराळा होता. ही माणसं उभ्या आयुष्यात एकमेकांपासून वेगळी राहण्यासाठी किती धडपडली असतील. एकाने दोन टोप्या घातल्या. एक गायला. आणि ज्यांना वेगळं ओळखायला सगळ्या गावाने कष्ट घेतले, त्यांना एका शनिवारी, कॉफी गार व्हायच्या आत, कुणीतरी एक करून टाकलं होतं.

“डेल्फीन, नियमांचं पुस्तक काढ.”

“कधीच काढलंय. कलम नऊ. पंधरा सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सभा घ्यावीच लागते. मात्र दोन दिवस आधी कळवून.” डेल्फीनने चष्म्यावरून बघितलं. “आज सोमवार. पत्रं पाठवलीस तर गुरुवारपर्यंत पोचणार नाहीत. तुझं टपालखातं आता पूर्वीसारखं राहिलं नाही.”

“पाठवायची कशाला,” ग्लेनिस म्हणाली.

*

बावीस पाकिटं तिने स्वतःच्या हाताने लिहिली. जिवंतांच्या नावाने नव्हे. ‘विल्यम जोन्स, टोकाचं घर.’ ‘ह्यू विल्यम्स, पुलाशेजारी, लोहाराच्या वर.’ आत डेल्फीनने टाईप केलेली चिठ्ठी:

‘आपणांस कळविण्यात येते की, आपण स्वतः नसून त्याच नावाच्या अन्य इसमाची दुबार नोंद आहात, असे इतिहास मंडळास आढळून आले आहे. सबब स्मारकाच्या पाटीवरून आपले नाव वगळण्यात येत आहे. हरकत असल्यास गुरुवारी दुपारी चार वाजता चर्चच्या तळघरात उपस्थित राहावे. उपस्थित राहणे शक्य नसल्यास कोणास तरी पाठवावे.’

सोबत सहीचा कागद.

सोमवारी तिन्हीसांजेच्या आत सतरा दारं झाली. उरलेली पाच तिने मंगळवारसाठी ठेवली. तिकिटाशिवायचा कागद टपालपेटीत टाकणं गुन्हा आहे, आणि तेहेतीस वर्षांत जे केलं नाही ते ती आता करणार नव्हती. त्यामुळे प्रत्येक पायरी चढायची, दार वाजवायचं. दुखरा पाय आधी वर, उतरताना आधी खाली. इस्पितळातल्या मुलीने शिकवलेलं.

ट्रॅव्हिस एलिस अंगणात बर्फ उडवायचं यंत्र खोलून बसला होता. त्याने पाकीट तेलकट बोटांच्या टोकांनी धरून वाचलं. “पणजोबांना नोटीस? कळवतो त्यांना. पण ते सभेला येतील असं वाटत नाही. पूर्वीपासूनच माणूस सभांना टाळायचा.”

“सही कर, ट्रॅव्हिस.”

“करतो ना. म्हणजे आमचा रॉबर्ट नव्हताच, असं म्हणतोय रॉईस?”

“होता म्हणतो. पण दुसऱ्याचा.”

ट्रॅव्हिस हसता हसता थांबला. त्याने हात पुसले आणि आत जाऊन बायकोचीही सही आणली. तिने तिथल्या तिथे सभासदत्वाचा अर्जही भरला होता.

लोहाराच्या वरच्या घरात आता बॉस्टनकडचं एक तरुण जोडपं राहतं. त्यांना ह्यू विल्यम्स कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुलीने पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला. “हा इथे राहायचा? याच खोल्यांत?” ग्लेनिसने मान हलवली. “यानंतर त्याची पत्रं कोण घ्यायचं, ते इथे का लिहिलं नाही?” तिने विचारलं. चिठ्ठीत ती ओळ नव्हती. तिला हा प्रश्न सुचला होता, इतकंच. ग्लेनिस म्हणाली, “त्याची बहीण. तुमच्या या दारातच उभी राहायची.” मुलगी नकळत एक पाऊल मागे सरली, जणू कुणाला वाट देते आहे. मग तिने विचारलं, “आम्हाला यायला चालेल का गुरुवारी?”

*

मंगळवारचं शेवटचं दार सीडर फ्लॅटचं. जोडघर, अर्धं बंद, अर्ध्यात नेस्टा बेव्हन. वय चौऱ्याण्णव. तिच्या पेटीत ग्लेनिसने तेहेतीस वर्षं पत्रं टाकली होती, आणि प्रत्येक नाताळात तिच्याकडून मनुकांचा पाव घेतला होता.

“अगं ये, ये. टपाल उशिरा आलं आज. अकरा वर्षं उशिरा.”

“मिसेस बेव्हन, बसत नाही मी. एवढं द्यायचं होतं.” बसत नाही म्हणता म्हणता ती बसली. गुडघा बोलायला लागला होता.

नेस्टाने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. ‘ओवेन रॉबर्ट्स, जोडघर.’ चिठ्ठी तिने सावकाश वाचली आणि तिच्या पातळ ओठांतून एक असा शब्द निघाला जो चर्चच्या तळघरात कुणी उच्चारत नाही. “ओवेन इथे वरच्या खोलीत राहायचा. माझ्या आजीचे भाडेकरू सगळे. आजी आणि तो ओवेन, अंगणावरून काय भांडायचे म्हणे दोघं. तो दुबार? आणि आमचे जॉन? त्यांचं काय केलं त्या विमेवाल्याने?”

“जॉन ह्यूजला काही केलं नाही. त्याचं नाव आहे पाटीवर. एकच जॉन ह्यूज होता ना, म्हणून वाचला.”

नेस्टाने चष्मा काढला. “कुठला?”

“अठराशे चौऱ्याण्णवचा. दोन नंबरच्या खाणीतला.”

“तेच विचारतेय. मोठा की धाकटा?”

स्वयंपाकघरात किटलीचं झाकण थडथडत होतं. “धाकटा?” ग्लेनिसने विचारलं.

“काका-पुतण्या होते गं ते. दोघांचंही नाव जॉन. एकाच कोसळलेल्या कड्याखाली गेले. आजी सांगायची, त्या संध्याकाळी जेवणाचे दोन डबे परत आले. कुणी तरी पायरीवर ठेवून गेलं, आत यायचं धाडस नाही झालं त्याला. आजीने दोन बिछाने झटकले.” तिने काठीने खिडकीकडे दाखवलं. तिथे पत्र्याचे दोन जुने डबे होते. एकात कपड्यांचे चिमटे, एकात चिमण्यांसाठी दाणे. “तुला माहीत होतं ना हे? तू तर सगळ्यांचं लिहिलंस.”

तेहेतीस वर्षं त्या डब्यांपासून पंधरा पावलांवर गाडी थांबवून ग्लेनिसने पत्रं टाकली होती.

“मी विचारलं नाही तुम्हाला,” ती म्हणाली.

“हो. मला वाटायचं, तुला माहीत असेल.”

ग्लेनिस तिथून घरी न जाता तळघरात गेली. सीडर फ्लॅटचा खण. जॉन ह्यूजचं कार्ड. तिचंच अक्षर, एकोणीसशे एकोणनव्वद सालातलं. वय एक्केचाळीस, दफनाच्या पुस्तकावरून. त्याखाली निळ्या शाईत आणखी एक ओळ होती: ‘चौकशीच्या कागदात वय सव्वीस.’ त्या ओळीवर एक सरळ आडवी रेघ मारलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘बहुधा लेखनिकाची चूक.’

पट्टी लावून मारलेली रेघ. किती खात्रीने मारली होती.

तिला रॉईसवर जो राग आला होता तो सगळाच्या सगळा तिथे परत आला. फक्त या वेळी समोर कुणी नव्हतं.

*

गुरुवारी तळघरात खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक जिन्यावर बसले. सह्या सव्वीस झाल्या होत्या. ट्रॅव्हिस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि बॉस्टनकडची मुलगी ह्यू विल्यम्सचं पाकीट हातात धरून मागे उभी होती. नेस्टाला शेजाऱ्याने गाडीतून आणलं. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

रॉईसने पडदा लावला होता. झाड खरंच सुंदर दिसत होतं.

“मी कुणाच्या भावना दुखवण्यासाठी—” त्याने सुरुवात केली.

“भावनांचं नंतर,” ट्रॅव्हिस म्हणाला. “आमचा रॉबर्ट कुठल्या पानावर आहे तेवढं दाखव.”

रॉईसने रॉबर्ट एलिस उघडला. एकच होता. चार माणसांचा मिळून एक. मृत्यूचं साल पहिल्याचं, बायको तिसऱ्याची, आणि मुलं त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी झालेली.

जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, “शाबास, आजोबा!” हशा पिकला. रॉईस हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. “ठीक आहे. काही जोडण्या चुकल्या असतील. पण कार्डं तरी कुठे निर्दोष आहेत? माणसाच्या हातूनही चुका होतातच ना? ग्लेनिस, तूच सांग. एकदा तरी चुकलीस की नाही?”

तो हे तिला खिंडीत गाठायला म्हणाला नव्हता, हे तिला दिसलं. त्याला फक्त कुठेतरी पाय टेकवायचा होता. नाही म्हटलं असतं तर सभा तिथेच जिंकली असती. नेस्टाखेरीज कुणाला काही माहीत नव्हतं, आणि नेस्टा बोलली नसती.

ग्लेनिस उठली. “चुकले. मेलेले त्रेसष्ट नाहीत. चौसष्ट आहेत.”

खुर्च्या करकरल्या. तिने जॉन ह्यूजचं कार्ड वर धरलं आणि काका-पुतण्याचं सगळं सांगितलं, दोन वयांचं, दोन डब्यांचं. नेस्टाने पिशवीतून डबे काढून टेबलावर ठेवले. एकातून दोन-चार दाणे सांडले. “पस्तीस वर्षांपूर्वी मी दोन माणसांचा एक केला. कुणाला न विचारता. माझ्या गाडीच्या खिडकीतून पंधरा पावलांवर त्याचं उत्तर होतं.”

“म्हणजे तूही तेच केलंस,” रॉईस हळूच म्हणाला.

“तेच केलं. आणि मला त्याची तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटते, कारण मला माणसं माहीत होती.” तिचा आवाज चढला. “पण हे बघ. ही रेघ. मी खोडलेलं वय अजून वाचता येतं. सव्वीस. म्हणून परवा मी परत येऊन त्याला उठवू शकले. तुझ्या झाडात खोडलेलं कुठे दिसतं? दाखव मला. शेळीवाला विल्यम होता, हे आज या यंत्राला विचारलं तर ते काय सांगेल?”

रॉईसने शोधलं. सगळे पडद्याकडे बघत होते. शोधाच्या चौकटीखाली उत्तर आलं: ‘अशी नोंद कधीही नव्हती.’

‘कधीही’ हा शब्द तळघरात बराच वेळ राहिला.

“राखाडीवाल्यात राहतं,” डेल्फीन मागून म्हणाली. “जुनं, नवं, कुणी बदललं, कधी बदललं. मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. पण त्यात झाड नाही ना.”

मतं घेतली गेली. राखाडी सॉफ्टवेअरच्या बाजूने सगळे हात वर गेले, शेवटी रॉईसचाही. यादी कार्डांवरून जाईल, हेही ठरलं. चर्चा संपल्यावर तो कपाटापाशी गेला आणि पिवळी चिठ्ठी काढून खिशात ठेवली. ग्लेनिसकडे त्याने बघितलं नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो नेमका कुणावर आहे हे आता तिला तितकंसं स्पष्ट नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने ऑरिन स्प्रेगला फोन केला. नावं एकेक करून सांगितली, पुलापासून टोकाच्या घरापर्यंत, प्रत्येकाच्या नावाखाली गावाने दिलेलं नाव. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येत होता. सीडर फ्लॅटपाशी ती म्हणाली, “जॉन ह्यूज, मोठा. जॉन ह्यूज, धाकटा.”

“झाली चौसष्ट,” शेवटी ऑरिन म्हणाला. “पाटी बरोबर भरते. खाली रेघ मारून मोकळा होतो.”

“रेघ मारू नकोस. खाली जागा सोड.”

“किती?”

ग्लेनिसने कपाटाकडे बघितलं. दीडशे खण होते, आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरात एका घराचं नाव होतं.

“माहीत नाही, ऑरिन,” ती म्हणाली. “अजून सगळी दारं वाजवून व्हायची आहेत.”